शिकलेल्या झाडाची जमानत

थंडी आपली आपण येते आणि आपली आपण जाते, असा जगातल्या सगळ्या माणसांचा समज आहे. आमच्या शाळेच्या माळ्याचा तसा समज नव्हता. थंडी तोच घालवतो, आणि त्याने लक्ष ठेवलं नाही तर ती शाळेच्या आवारात चैत्रापर्यंत मुक्काम ठोकून बसेल, अशी त्याची खात्री होती. इतका निरक्षर आणि इतका आढ्यतेखोर माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मी स्पष्टच लिहितो. मी वरोऱ्याकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरातला. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला मी, आणि नागपूरला राहून बी.ए. झालेला आमच्या गावातला पहिलाही मीच. एवढं करून चांदा जिल्ह्याच्या जंगलातल्या त्या तालुक्याच्या गावी मास्तरकी पत्करली, ती काय एका माळ्याकडून ऋतू शिकण्यासाठी?

संक्रांत झाली की त्याचा तो उद्योग सुरू होई. डोक्याला फडकं, अंगात कोण्या रेंजरने दिलेला खाकी लोकरी कोट, पायात काही नाही. शाळा भरायच्या आधी तो प्रत्येक वाफ्यापाशी उकिडवा बसे आणि लेकराचा ताप बघावा तसा उलटा हात मातीवर ठेवी. मग उठून, कोणी विचारो न विचारो, जाहीर करी, "हाये अजून." दुसऱ्या दिवशी, "हाये, पन ढिली पडून राह्यली." एकदा मी सहज म्हटलं, की माघ संपत आला, आता कसली थंडी? तर माझी कीव आल्यासारखा बघून म्हणाला, "मास्तर, थंडी म्हंजे माहेरी आलेली लेक असते. निंगतो निंगतो म्हन्ते, आन उंबऱ्यात बसून अखीन घंटाभर बोलते." त्या कोटाला पितळेची पाच बटणं होती. थंडी मागे सरेल तसं तो वरून एकेक बटण मोकळं करी. उघडलेलं बटण पुन्हा लावणं म्हणजे चारचौघांत हार, म्हणून फार विचार करून उघडी. पोरं त्यावर पैजा लावत. पोरांचं सोडा, आमचे हेडमास्तर, ज्यांच्या टेबलावर घड्याळ होतं आणि भिंतीवर कॅलेंडर होतं, तेही सकाळची शाळा सुरू करायचा हुकूम चौथं बटण उघडल्याशिवाय काढत नसत. कोणी तसं बोललं तर चिडत. पण मी तिथे होतो ती सगळी वर्षं बटण आधी आणि हुकूम मागून, हे या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वेळेआधी फुललेल्या झाडाचा तर त्याला भारी तिटकारा. कुंपणापाशीच्या पळसाने एका वर्षी पौषातच दोन फुलं काढली, तेव्हा कमरेवर हात ठेवून हा त्याला झापत होता, "लाज नाई वाटत? गावात अजून शेकोट्या पेटून राह्यल्या!" हेडमास्तरांनी हौसेने लावलेल्या विलायती फुलांना पाणी घाली, पण तोंड फिरवून.

माझा खरा राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा. मी सातवीला सहा ऋतू शिकवत होतो. वसंत म्हणजे चैत्र आणि वैशाख असं फळ्यावर लिहिलं, तोच खिडकीतून आवाज आला, "चुकलं जी मास्तर." बाहेर खुरपं घेऊन हा उभा. "चैत्रात आपल्याइथी वसंत नाई रायत. चैत्रात ऊन रायते, निरं ऊन. तो बिचारा माघ-फागुनात येऊन चालला जाते, कोनाले समजतबी नाई." पोरं खो खो हसली. मी त्याला ताकीद दिली, की वर्ग चालू असताना भिंतीपासून वीस हात दूर राहायचं. त्याने ती तंतोतंत पाळली. वीस हातांवरून ओरडून चुका सांगू लागला. पुढे नागपूरची राजधानी गेली, आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला, शिक्षकांच्या खोलीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. हे तरी याला कळावं म्हणून मी मुद्दाम बागेत जाऊन सांगितलं. कुदळ थांबवून त्याने विचारलं, "मंग थंडी आता मुंबईच्या हिशोबानं पडन का?" नाही म्हटल्यावर त्याने कुदळ पुन्हा चालवली. राज्यांच्या पुनर्रचनेची त्याच्या लेखी एवढीच चौकशी.

विहिरीपाशी एक आंबा होता. शाळा उघडली त्या वर्षी यानेच कोय लावलेली. बारा वर्षं झाली, झाड कौलांच्या वर गेलं, पण मोहोराचा एक तुरा कोणी पाहिला नव्हता. त्याची बायको दुपारी भाकर घेऊन येई, ती त्याच झाडाखाली बसे, आणि रोज एकदा तरी वर बघून म्हणे, "मानसासारखंच झाड निपजलं. नुसती उंची आन पाला." जगातल्या प्रत्येकाला उत्तर देणारा हा माणूस तेवढ्या एका बोलण्याला उत्तर देत नसे. खाली मान घालून भाकर खाई.

त्या वर्षी शाळेच्या कमिटीला नव्या खोलीसाठी जागा हवी झाली. अध्यक्ष गावचे जुने मालगुजार, म्हणजे जमीनदारच. मालगुजारी गेली होती, आवाज तेवढा उरला होता. छडीने झाड दाखवून त्यांनी विचारलं, "हे फळते का बे?"

"फळन जी."

"कवा?"

माळी झाडाकडे बघू लागला.

"मंग तोडा. शिमग्याले लाकूड तरी होईन."

माळ्याने डोक्याचं फडकं काढून त्यांच्या पायांपाशी ठेवलं. त्याला कोणापुढे वाकलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि पाहून मला बरं वाटेल असं जे वाटत होतं, तसं वाटलं नाही. शेवटी शिमग्यापर्यंत मुदत मिळाली. तोवर मोहोर आला तर झाड राहील, नाहीतर होळीत जाईल.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या बिऱ्हाडी आला आणि दारात बसला. "मास्तर, एक जमानत पाह्यजे."

"कोणाची? काय केलं त्याने?"

"झाडाची जी."

मग त्याने समजावून सांगितलं. फळत नसलेल्या झाडापुढे एकाने कुऱ्हाड उगारायची आणि विचारायचं, फळतं का तोडू? दुसऱ्याने मध्ये पडून म्हणायचं, तोडू नका, मी जमानत राहतो, यंदा फळेल. झाड कुऱ्हाडीला भितं आणि जामिनाची लाज राखतं. खेड्यापाड्यांत असं करतात, हे मी लहानपणी ऐकलं होतं आणि मोठेपणी विसरायचा प्रयत्न केला होता. मी म्हटलं, "भाऊ, मग तुमच्या मेव्हण्याला न्या ना."

"साध्या झाडाले मेव्हना चालला असता जी. हे झाड बारा वर्सं शाळेत उभं हाये. तुमचं सारं ऐकते. त्याले अंगठेवाल्याची जमानत कशी पटन? त्याले बी.ए.च पाह्यजे."

 खरं सांगायचं तर मी तिथल्या तिथे हो म्हटलं. त्या गावात माझ्या पदवीची किंमत ओळखणारा हा पहिला माणूस, आणि ओळखली ती कशासाठी, तर आंब्याला दम देण्यासाठी!

माघी पौर्णिमेच्या सकाळी, पोरं यायच्या आत, आम्ही दोघं विहिरीपाशी उभे राहिलो. त्याने कुऱ्हाड अशी उगारली की मीच दोन पावलं मागे सरलो. "फळतं का तोडू?"

मी घसा साफ करून म्हणालो, "कृपया तोडू नका."

त्याने कुऱ्हाड खाली घेतली. "असं तं सिनेमाचं तिकीट मांगतेत जी! मधात पडा! धरा मले!"

मी त्याचा हात धरला, आणि कसं कोण जाणे, कॉलेजात चार वर्षं घासून काढलेली माझ्या आईची बोली तोंडातून बाहेर पडली, "नोको तोडू भाऊ! मी जमानत राह्यतो! यंदा फळन!" असं तीनदा. वर स्वतःचं पूर्ण नाव, आणि त्याच्या आग्रहावरून पदवीही. मागे वळून बघतो तर हेडमास्तर तोंडात कडुनिंबाची काडी धरून ओसरीत उभे. दुपारपर्यंत साऱ्या शाळेला कळलं. गणिताचे मास्तर रोज विचारू लागले, "काय जामीनसाहेब, मुलजिम पळाला तं नाई ना?"

मी हसण्यावारी नेलं, पण सकाळी विहिरीचंच पाणी बरं असतं अशी सबब काढून तिकडे जाऊ लागलो. मोहाची पानं गळत होती. सावरीवर लाल फुलं बसली होती, दुपारच्या वाऱ्याला कोरडा वास येत होता. हे तिथे दरवर्षी होत असणार, मी कधी मान वर केली नव्हती. कोटाची तीन बटणं सुटली. शिमगा आठ दिवसांवर आला तेव्हा मला शेंड्याशी तांबूस कोंब दिसले, आणि मी धोतर सावरत, ओरडत त्याला बोलवायला धावलो. तो झाडावर चढला, एक कोंब बोटांत धरून पाहिला, सावकाश उतरला.

"पालवी हाये जी. पालवी फुटली का त्या साली मोहोर नाई."

त्या दुपारी त्याच्या बायकोने वर पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि काहीच न बोलता भाकर पुढे केली. तिचं ते न बोलणं मला फार लागलं.

कमिटीच्या बैठकीला मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. मी इतिहासाचा पदवीधर. झाडांविषयी मला जे काही ठाऊक होतं ते याच माळ्याने वीस हातांवरून ओरडून सांगितलेलं. उभा राहून म्हणालो, "शास्त्राप्रमाणे कोयीचा आंबा तेराव्या वर्षी फळतो. आत्ताची पालवी हे त्याचंच लक्षण. इंग्रजी ग्रंथांत आहे." कोणत्या ग्रंथांत, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. त्या कमिटीत चौथीच्या पुढे गेलेला एकच जण होता, आणि तो सहावीत अडकलेला. अध्यक्ष म्हणाले, "इंग्रजीत हाये तं राहू द्या यक साल." माझ्या शिक्षणाचा समाजाला झालेला पहिला उपयोग तो हा.

बाहेर माळी उभाच होता. मी त्याला सगळं सांगितलं. आभार? छे! "तेरावंच काऊन म्हनलं जी? खोटंच बोलाचं होतं तं वीस तरी म्हनाव! शिकेल मानसाले खोटंबी नीट बोलता येत नाई."

पुढच्या माघात झाड मोहरलं. सगळं नाही, विहिरीवर वाकलेली एकच फांदी. मी पाहिलं तेव्हा हा खाली बसलेला होता. त्याला चार दिवस आधीच कळलं होतं, दृष्ट लागेल म्हणून बायकोलाही बोलला नव्हता. मला पाहून तो उठला आणि त्याने हात जोडले. मी थट्टेची वाट पाहत राहिलो, पण थट्टा आली नाही. "मास्तर," तो म्हणाला, "तुमी मोकळे झाले."

मोकळा मी खरंच झालो. नागपूरच्या एका कचेरीत नोकरी लागली, आणि त्या जंगलातून सुटायची तर मी पहिल्या दिवसापासून वाट पाहत होतो. फळं पिकायच्या आतच निघालो. जूनमध्ये तिकडून येणाऱ्या कोणाबरोबर तरी त्याने गवतात गुंडाळलेले दोन आंबे पाठवले. इतका आंबट आणि रेषाळ आंबा मी जन्मात खाल्लेला नाही. एवढ्यासाठी तेरा वर्षं, आणि एवढ्यासाठी माझं खोटं बोलणं! मी पत्र लिहिलं, की आंबे फार गोड होते. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. अक्षर हेडमास्तरांचं, पण मजकुराला त्यांनी हात लावलेला नव्हता: "मास्तर, आमीबी खाल्ले. खट्टे हायेत. खोटं काऊन लिहिता? बुढीनं लोनचं टाकलं, साऱ्या गावात वाटून राह्यली. ती आता झाडाखाली बसून कायी म्हनत नाई. थंडी निंगाच्या वक्ती एकदा येऊन जा. झाडाले तुमची आठवन येते."

मी गेलो नाही. कचेरीत माघ-फाल्गुनात कामाची गर्दी असते, रजा मिळत नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना आणि स्वतःलाही सांगत आलो. रजा मी कधी मागितलीच नव्हती.