उसना गळा

खासगी शिकवणी लावून गळा सुधारतो का, असं आमच्या भजनी मंडळातले नवे गाणारे मला विचारतात. सुधारतो. माझा सुधारला. मग तुम्ही मध्येच का सोडलीत, असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो.

आमच्या गावात, वैशाखऱ्यात, मंडळाचा मुख्य गाणारा मी होतो आणि तो मान मिरवायचोही. पण वरच्या पट्टीत आवाज फाटायचा. आमचा म्हातारा मृदंगवाला तोंडावर म्हणायचा, "तू गात नायस रे, बोंबलतोस." खरं होतं म्हणूनच राग यायचा. हनुमान जयंतीला मंडळाने दुसऱ्यालाच पुढे बसवलं, तेव्हा मी चिडून मुरबाडच्या एका जुन्या बुवांकडे शिकवणी लावली. गावात लोक हसले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणाले. त्यात बुवांचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेलेला. बोलले तर नुसती फुसफुस.

रविवारी दुपारी ते पेटीवर सूर धरायचे, माझ्या गळ्यावर दोन बोटं ठेवायचे आणि स्वतःचं तोंड उघडून जबडा किती, जीभ कुठे, ते दाखवायचे. त्यांच्या तोंडाकडे बघत मी सूर लावायचो. चुकला की बोटं दाबायची. तासाभराने आवाज नेमका कुणाच्या तोंडातून येतोय, हे मलाच कळेनासं व्हायचं. त्यांचं गाणं मी कधी ऐकलेलं नव्हतं, कॅसेटवरसुद्धा नाही.

आत स्वयंपाकघरात काकू, म्हणजे त्यांची बायको, भांडी आपटत असायच्या. भाताची लावणी उरकेपर्यंत माझा गळा मोकळा झाला आणि माझं गाणं सुरू झालं की आतला आवाज थांबू लागला. मी फुशारलो.

भाताच्या झोडणीच्या दिवसांत एकदा खळ्यावरून आमच्या कुत्र्याला हाक मारली, तर तो माझ्यावरच भुंकला. आईने घरातून विचारलं, "कोण आलंय रे?" मी हसलो. बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं तरी ती हसली नाही. "तुझा आवाज कुठं गेला?" एवढंच म्हणाली.

मी मोबाइलवर माझं जुनं भजन लावलं. तो फाटका आवाज ऐकून जीव कासावीस झाला. तसं गाऊन बघितलं, जमेना. मला माझा आवाज परत हवा होता, बोंबलणारा तर बोंबलणारा.

पुढच्या रविवारी शिकवणी बंद करतो, हे सांगायलाच गेलो. बुवा औषध आणायला बाहेर गेले होते. काकू पहिल्यांदाच बाहेरच्या खोलीत येऊन समोर बसल्या.

"त्यांचाच गळा आलाय तुला," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन झाल्यापासून मी त्यांची हाक ऐकली नाय. एकदा मारशील?"

"काय म्हणून?"

"'गो, हायस का घरात?' इतकंच."

मला नाही म्हणवेना. मी हाक मारली.

"हाय," त्या लगेच म्हणाल्या. पदर सावरला, चेहरा उजळला. तिथेच थांबायला हवं होतं. पण माझं तोंड मिटलं नाही. "पेटी झाकलीस का? धूळ बसंल," असं माझ्या तोंडून निघून गेलं. का, ते मला आजही सांगता येत नाही.

"बाहेरून आले की रोज हेच इचारायचे," त्या हळूच म्हणाल्या. "हे मी तुला नव्हतं सांगितलं."

चुकलो काकू, असं म्हणायचं होतं. पण ते कुणाच्या आवाजात निघेल, याची भीती वाटली. उठलो आणि दारात चपला घालू लागलो.

मला कायम अरेतुरे करणाऱ्या काकू मागून म्हणाल्या, "आता नका जाऊ."