मेडशीवाल्याचा चुकलेला आकडा

त्या बुधवारी सकाळी मी गौतमदादाला एक तिरसट मेसेज टाकला होता. "ऐकलं असंन तं बोला, नाईतं भाव खाऊन राह्यले असं समजते." मंगळवारी सकाळी मी त्याला माझं नवं गाणं पाठवलं होतं आणि चोवीस तास उलटले तरी त्याचं एक अक्षर आलं नव्हतं. माझा स्वभाव मुळातच फटकळ, वाट पाहणं मला जमत नाही. मेसेज टाकून मी वाशीमच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला लागले. दहाच्या सुमारास गाण्यांच्या ग्रुपवर अनिकेतचा मेसेज आला. अनिकेत पुण्याचा, ग्रुप तोच चालवतो. त्याने सहज दादाला फोन लावला होता आणि तो दादाच्या बायकोने उचलला. मेडशीवाले गौतम काल दुपारी दुकानातच गेले... हृदयविकाराचा झटका. माझ्यासमोर एक आजोबा सदऱ्याची बाही वर करून बसले होते. मी त्यांना पाच मिनिटं थांबा म्हणाले, आत गेले, आणि सगळ्यात आधी सकाळचा मेसेज खोडला. रडू त्यानंतर आलं.

आमचा ग्रुप म्हणजे साडेतीनशे रिकामटेकड्यांचा बाजार, असं माझी आई म्हणते. मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय, घरातल्या खोलीत किंवा मित्राच्या गॅरेजमध्ये जी पोरं स्वतः गाणी लिहितात, गातात आणि नेटवर टाकतात, त्यांच्या संगीताला इंडी म्हणतात. आम्ही त्याचे भक्त. पहिला अल्बम चांगला की दुसरा, एखाद्या बँडचं गाणं बिस्किटाच्या जाहिरातीत आलं म्हणजे तो बँड विकला गेला का, चांगल्या हेडफोनशिवाय मत देण्याचा कुणाला अधिकार आहे का... अशा विषयांवर तिथे माणसं आठ-आठ दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. त्या गर्दीत 'मेडशीवाला' नावाचा एक माणूस होता. तो फार लिहायचा नाही. पण कुणी नवं गाणं टाकलं की दोन दिवसांनी त्याचं उत्तर यायचं, आणि बहुतेक वेळा ते दोनच शब्दांचं असायचं : "आकडा चुकला." किंवा मग, "नाई चुकला."

हा काय प्रकार आहे, हे बरेच दिवस कुणालाच कळलं नव्हतं. शेवटी एका नाशिकच्या मुलीने विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. वाशीम जिल्ह्यातल्या मेडशी गावात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी लोक त्याच्याकडे आणत. आतली जळकी तार काढून तांब्याची नवी तार लाकडी फर्म्यावर मोजून गुंडाळायची, हे त्याचं काम. वेढे कमी-जास्त झाले तर मोटर पुन्हा जळणार. वेढे मोजणारा त्याच्या यंत्राचा काटा कधीच मोडला होता आणि त्याने तो बसवलाही नाही, तोंडानेच मोजायचा. मोजताना कानात गाणं लावायचं. ज्या गाण्याने मोजणी विसरायला लावली, ते गाणं चांगलं. मग तो सगळी तार उकलायचा, पुन्हा एकपासून सुरू करायचा आणि संध्याकाळी ग्रुपवर दोन शब्द लिहायचा. एखादं गाणं चांगलं ठरवण्यासाठी हातातली मेहनत स्वतःच उकलणारा दुसरा समीक्षक मला तरी माहीत नाही. पुढे पुढे तर ग्रुपवर तो एक किताबच झाला. कोल्हापूरच्या एका बँडने आपल्या पानावर सगळ्यात वर तेच लिहिलं : 'मेडशीवाल्यांचा आकडा चुकला.'

मी मूळची आसेगावची, लॅबच्या नोकरीमुळे वाशीमला राहते. हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला आहे हे कळल्यावर मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडी लाजही वाटली. कारण ग्रुपवर मी अगदी पुणेरी मराठी लिहायची. आपण वऱ्हाडातल्या आहोत हे सहसा कळू द्यायची नाही. दादा मात्र जसा बोलायचा तसाच लिहायचा. एकदा कुणा मुलाचं गाणं आलं होतं आणि त्यात मागे सतत एक बारीक घुमणारा आवाज होता. मंडळींनी त्यावर तीन दिवस चर्चा केली. कुणी त्याला वातावरण म्हणालं, कुणी शहराचा एकटेपणा. दादाने लिहिलं, "गानं बढिया हाये. पन त्याच्या घरची अर्थिंग खराब हाये, तेवढी पाहून घ्या." मुलाने इलेक्ट्रिशियन बोलावला, अर्थिंग दुरुस्त झाली, एकटेपणा गेला. त्यावर सगळ्यात जास्त दादाच हसला असेल.

पण तो नुसता गमतीचा माणूस नव्हता. एकदा इंडीची सुरुवात कुठून झाली यावर वाद पेटला. कुणी परदेशातली नावं घेत होतं, कुणी मुंबईतल्या कॉलेजांची. दादाने आपल्या वडिलांचा एक जुना फोटो टाकला. पेटी, ढोलकी, कोरस धरणारे चौघं. खाली लिहिलं, "आमचा बाप जयंतीले गावोगाव गात फिरे. गानं सोताचं, चाल सोताची, कंपनी कोन्ती? कोनतीच नाई. मंग थे इंडी नाई काय?" मग अनिकेतने विचारलं, त्या गाण्यांचं रेकॉर्डिंग आहे का? नव्हतं. वडिलांची दोन गाणी दादाने स्वतः मोबाइलवर म्हणून पाठवली. आवाज तसा बेताचाच, पण त्या दिवशी ग्रुपवर माणसं लिहीत होती, आकडा चुकला, आकडा चुकला. मी अभिमानाने पहिल्यांदा लिहिलं की मीही याच बाजूची आहे.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते. गिटार शिकून मला दोन वर्षं झाली होती, आणि मी माझं पहिलं गाणं ग्रुपवर टाकलं. कॉफीच्या कपातली वाफ, खिडकीवरचं धुकं, गेलेला तो, असा सगळा माल त्यात होता. भराभर बदाम आले. दोन दिवसांनी दादाचं उत्तर आलं : "पुरे बहात्तर वेढे. नाई चुकला." मला इतका राग आला की मी पुढच्या रविवारी सरळ एसटीत बसले आणि मेडशीला उतरले. दुकान सापडायला वेळ लागला नाही. दारात मोटरींची ओळ, आत वॉर्निशचा उग्र वास, फर्म्यासमोर दादा आणि शेजारी जमिनीवर बसून मोटरीच्या खाचांत बसवायचे कागद कापणारी त्याची बायको, वंदनावहिनी. त्याने मला ओळखलं कसं, ते देव जाणे.

"ये पोरी, बस. भांडाले आली ना?"

"काहून नाई चुकला तुमचा आकडा?" मी उभ्याउभ्याच विचारलं.

"तुमच्या घरी कॉफी पेतात काय वं?"

"...नाई. चहाच."

"मंग थे वाफ कोनाच्या कपातली व्हती?" तो म्हणाला. "आवाज तुहा हाये, पन गान्यात तू कुठीच नाई. मी ऐकत गेलो, मोजत गेलो. कोनी भेटलंच नाई मले थांबवाले."

वहिनी कागद कापता कापता हसली, आणि मला ते हसू झोंबलं. चहा घेतला, घरी आले आणि पुढे पाच महिने त्याच्याशी बोलले नाही. त्याने दिवाळीला मेसेज केला, त्यालाही उत्तर दिलं नाही. या पाच महिन्यांची मला आज लाज वाटते, आणि ते परत मिळणार नाहीत याचं फार वाईट वाटतं. पण त्याचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. लॅबमध्ये रोज शंभरदा मी एकच वाक्य म्हणते : मूठ वळा... आता सोडा. खेड्यातून आलेली म्हातारी माणसं सुई पाहून तोंड फिरवतात, मूठ घट्ट वळतात आणि सोडा म्हटलं तरी सोडत नाहीत. एका आजीने तर माझंच बोट धरून ठेवलं होतं. त्यावर गाणं झालं. वऱ्हाडीत झालं, मला न विचारता झालं. ग्रुपवर न टाकता मी ते आधी दादाला एकट्याला पाठवलं. तोच तो मंगळवार.

तीन आठवड्यांनी मी मेडशीला गेले. दुकान उघडं होतं. दादाच्या जागेवर वहिनी बसली होती. अठरा वर्षं ती त्याच्या शेजारी बसून कागद कापत होती, तार भरत होती. काम तिला सगळं येत होतं, फक्त हे कुणी कधी म्हटलं नव्हतं. फर्म्यावर तारेची एक अर्धी गुंडाळलेली गुंडी तशीच होती.

"त्या दिवशीची हाये," ती म्हणाली. "दोन खेपा उकलली त्याइनं. मी म्हनलं, काय झालं वो, तं हातानंच गप राय म्हनले. कानात गानं व्हतं. मंग मी चहा ठेवाले गेली... आली तं भिताडाले टेकून बसले व्हते."

"कोन्तं गानं व्हतं, वहिनी?"

तिने मोबाइल माझ्या हातात दिला. सगळ्यात वर माझंच गाणं होतं.

हे मी ग्रुपवर सांगितलं तेव्हा लोकांनी निकाल लावून टाकला. दोन खेपा उकलली म्हणजे दोनदा चुकला, असा मान कुणालाच मिळाला नव्हता, वगैरे. मी सगळ्यांना गप्प केलं. आकडा माझ्या गाण्याने चुकला की छातीतल्या कळेने, हे मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. ते माझं गाणंच असावं असं मला फार, फार वाटतं. पण ज्या माणसाने वापरलेल्या शब्दांचं वजन कधी कमी होऊ दिलं नाही, त्याच्या नावावर मी ते दोन शब्द स्वतःसाठी कसे उचलू?

ही शंका मी त्या दिवशी दुकानातच वहिनीला बोलून दाखवली होती. तिने ऐकून घेतलं, मग ती अर्धी गुंडी उकलायला घेतली. किती वेढे झाले होते ते आता कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे एकपासून करणं भाग होतं. तीन आठवडे तिने त्या तारेला हात लावला नव्हता. मोटरवाला शेतकरी दोनदा येऊन, घाई नाही वहिनी, असं म्हणून गेला होता. सगळी तार सुटी झाल्यावर तिने हँडल धरलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"लावा तुमचं गानं. मीबी ऐकतो."

"आकडा चुकंन ना, वहिनी."

"चुकू द्या."

मी गाणं लावलं. ती मोठ्याने मोजत होती, हात सरावाने फिरत होता. एकेचाळीसपर्यंत आवाज स्पष्ट येत होता. मग गाण्यातली ती आजी आली, मूठ सोडा आलं, आणि वहिनीचा हात थांबला. मी श्वास धरून होते, हे कबूल करते.

"चुकला," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "पन गान्यानं नाई हो, बाई. थे याद आले म्हून चुकला."

मी गाणं बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि तार उकलायला लागली.