शाणूबाबचं गाऱ्हाणं

शाणूबाबने माझ्या नव्या स्कूटरचं गाऱ्हाणं घातलं, तेव्हा नारळ धरून धरून माझा खांदा आखडला. पाळीकडच्या आमच्या वाड्यावर देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. मागणं एका ओळीचं, पण त्याआधी तो सगळा गाव फिरून यायचा. साकवाकडचा राखणदार देव, म्हातारीची झर (कोणत्या म्हातारीने कोणत्या सुनेशी भांडून ती खणली, त्यासकट), वरचा मळा, खालचा मळा, पुरात गेलेला बांध आणि तो पुन्हा घालणारी माणसं. प्रत्येक नावापाशी थांबायचा. आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हटल्याशिवाय पुढे सरकायचा नाही.

“शाणूबाब, स्कूटर आहे, आगबोट नव्हे. थोडक्यात आटपा.”

“थोडक्यान? एकाक सोडलो तर तो रागार जातलो. मागीर झरीकडे गाडी बंद पडली म्हणान माका सांगूक येव नको गो बाय.”

मग एका खनिज कंपनीने ट्रकांसाठी आमच्या वायंगणातून रस्ता मागितला. वायंगण म्हणजे झरीच्या पाण्यावर होणारं हिवाळी भात. शाणूबाबच्या घरचा वर्षाचा तांदूळ तिथलाच. कंपनीच्या नकाशात मात्र त्या जागी लिहिलं होतं, ‘पडीक’. हा धडधडीत खोटेपणा होता आणि मी तो पत्रकात तसाच छापला, ठळक अक्षरांत. रस्त्याच्या सरकारी सुनावणीतही गरजले. लोक जांभया देत होते. सुनावणी घेणारे अधिकारी मोबाईल बघत होते. लाज वाटायला हवी होती त्यांना.

मग शाणूबाब उठला. चपला काढल्या, हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्या साकवाकडच्या राखणदारा...”

खुर्च्या सरकल्या. अख्खा मांडव उभा राहिला. कंपनीचे ट्रकवाले सगळे सावंतवाडीकडचे; तिकडेही गाऱ्हाणं उभ्यानेच ऐकतात, ते सवयीनेच उठले. अधिकारी पेडण्याचे, तेही उठले. कंपनीचा मॅनेजर बाहेरचा, पण एकटा बसून करणार काय? झर आली, म्हातारी आली, सून आली. वेळ संपल्याची घंटा वाजवणाऱ्या कारकुनाने घंटा खाली ठेवली आणि हात जोडले.

“...ह्या पिकत्या वायंगणाक कोणी पडीक म्हटला असात, तर ती चूक तेच्याच हातान सुदारून घे रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!”

त्यात सर्वांत मोठा आवाज अधिकाऱ्यांचा होता. त्यांच्यापुढचा माईक चालू होता. खाली बसल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. घसा साफ करून म्हणाले, “जागा बघायला येतो.”

बाहेर आल्यावर मी शाणूबाबवर चिडले. “एवढं लिहिलं मी, ते कुणी ऐकलं नाही.”

“तुजा बरा आसा गो. पण तुजा लोक बसान आयकतत. तेंका उठोवक व्हया.”

पाहणीच्या दिवशी मॅनेजरने नकाशा काढणाऱ्या आपल्या माणसाला पुढे घातलं. तो “ही सगळी पडीक” म्हणत बांधावरून खाली उतरला आणि गुडघ्यापर्यंत वायंगणात रुतला. दोघांनी ओढून काढला, पण एक बूट आतच राहिला. अधिकाऱ्यांनी त्याच्याच हाताने नकाशावरचं ‘पडीक’ खोडायला लावलं. रस्ता तिथून जाणार नाही, हे बांधावरच सांगितलं. मी टाळ्या वाजवल्या.

शाणूबाबचं लक्षच नव्हतं. तो वाकून आडवी झालेली रोपं एकेक करून उभी करत होता. तो माणूस बूट शोधायला पुन्हा पाय टाकणार, तोच शाणूबाबने त्याला दंडाला धरून थांबवलं.

“आता नको. कापणी झाली की ये, आनी घेवन जा.”