बायजाकाकीचा उजवा हात

बायजाकाकी आमच्या बाळकुमच्या बिल्डिंगमधली मूळ गाववाली. आता लिफ्ट आहे तिथे तिचं भाताचं शेत होतं. तोंडाने फटकळ, मनाने भोळी आणि हट्टी किती, ते विचारूच नका. मी समोरच्या दारातली हेमा. गेला महिनाभर तिने माझ्या जिवाला जो घोर लावला, तो माझा मलाच माहीत.

तिची सून कृतिका बाळंत झाली. मुलगी झाली. कृतिकाला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. आणि काकी बाळाला हातच लावेना. लांबूनच चुटक्या वाजवायची, बाळ रडलं की स्वयंपाकघरात पळायची. एकदा कृतिका माझ्याकडे येऊन म्हणाली, "मुलगा असता ना ताई, तर आईंनी खाली ठेवला नसता." खरं काय ते मला माहीत होतं, पण काकीने शपथ घातलेली. मी आपला चहा टाकला आणि विषय बदलला.

खरं असं, की काकीचा उजवा खांदा आखडलेला. हात छातीच्या वर जायचा नाही, मध्येच दगा द्यायचा. घरात कळलं तर कृतिका कामावर जाताना बाळाला पाळणाघरात ठेवेल, ही तिची भीती. भाजी आणायच्या नावाखाली मी तिला वर्तकनगरला फिजिओथेरपीवाल्या दीप्ती मॅडमच्या क्लिनिकमध्ये न्यायचे. मॅडम खांद्याला क्रीम लावून एक गुळगुळीत, वाकडी स्टीलची पट्टी आखडलेल्या जागेवरून दाबत फिरवायच्या. कातडी लाल व्हायची. काकी दात आवळून बसायची आणि दर वेळी तेच विचारायची, "बारशापर्यंत मोकला होल ना?"

मॅडम म्हणायच्या, "नुसत्या पट्टीने नाही होत आजी. हलका व्यायाम करा, वेळ द्या. बारशाचं मी नाही सांगू शकत."

त्यात एकदा कृतिका फोनवर पाळणाघराची चौकशी करत होती, ते काकीने ऐकलं. झालं. दार लावून बारशासाठी वरवंटा उचलायची प्रॅक्टिस सुरू. मॅडमनी असलं काही सांगितलेलं नाही, म्हणून मी ओरडले. पण ऐकते कोण.

बारशाला बाळाआधी वरवंटा दुपट्यात गुंडाळून पाळण्याखालून-वरून फिरवतात. एका बाजूला काकी, एका बाजूला मी. पाळण्याखालून मी दिला, तो तिने घेतला. वरून परत देताना हात छातीशीच अडकला आणि वरवंटा धाडकन फरशीवर पडला.

कृतिकाने बाळाला घट्ट कवटाळलं.

काकी म्हणाली, "ह्याचंच भ्या होतं मना. म्हनून पोरीला घेत नव्हते."

शपथ गेली खड्ड्यात. मी काकीची बाही वर सरकवून खांद्यावरचे लाल पट्टे दाखवले आणि सगळं सांगून टाकलं.

कृतिकाने काकीची बाही नीट खाली केली. मग म्हणाली, "आई, पाळणाघर मी का शोधत होते, माहितीये? तुम्ही तिला एकदाही घेतलं नाहीत. मला वाटलं, तुम्हाला ती नकोच आहे."

काकी तिथेच खाली बसली. कृतिकाने तिला पाय लांब करायला सांगितले आणि बाळाला त्या पायांवर निजवलं. काकीने डाव्या हाताने बाळाला धरलं. उजवा हात तिने तरीही पदराखालीच ठेवला.