तीनशे वार

मंडळी, आत्ताच शिकारीवरून कनाटाला घरी परतलोय. ताट बाजूला सारून हे लिहितोय.

महिनाभर अंतर मोजायचे रेंजफाइंडर कम्पेअर केले. किती लांबचं मोजतो, पावसात चालतो का, सगळं पाहून एक विकत घेतला. आज पहिल्यांदाच हरणावर धरला. आकडा आला तीनशे. मी रायफलची दुर्बीण तीनशे मीटरला लावली आणि गोळी झाडली.

आकडा यार्डांत होता! हरीण माझ्या हिशोबापेक्षा जवळ होतं. गोळी वर लागली, पाठीत. ते तसंच झाडीत पळालं.

ऑफिसमधला ब्रायन आणि मी अंधार पडेपर्यंत रक्ताचे डाग शोधत होतो. ओढ्यापाशी डाग संपले.

"इट हॅपन्स," ब्रायन म्हणाला.

यार्डाला आपण वार म्हणतो, नऊवारीतला वार. आज मला त्या शब्दाचा दुसराच अर्थ ऐकू येतोय.

ते अजून जिवंत असेल का हो?