पेटीसह अडतीस, पेटीविना चाळीस

कोव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात विल्फ टॅप्सेलने सदतीस वर्षं काढली. त्यातली दोन वर्षं एका पत्र्याच्या पेटीत गेली. इंजिन हवा ओढताना घोगरा आवाज करतं. तो आवाज गिळायचा, पण इंजिनाचा जोर तसूभरही घटू द्यायचा नाही, असं त्या पेटीचं काम. पेटी जमली. पदक साहेबाला मिळालं.

पुढे जुन्या गाड्यांचे शौकीन तशी गाडी घेतली की आधी पेटी उचकटून फेकत. गाडीचा गळा मोकळा केला म्हणत. शेवटी शाबूत पेटी उरली ती जुन्या गाड्यांच्या क्लबच्या चौपन्न सालच्या गाडीवर. अध्यक्ष डेस्मंड ऑर्म तीही काढायला निघाला, तेव्हा शहात्तर वर्षांचा विल्फ आडवा आला. आधी मोजा, मग काढा, म्हणाला.

रविवारी सकाळी सगळे चढाच्या पायथ्याशी जमले. पेट्रोल तेच, चालवणारा डेस्मंडच, शेजारी वजनाला बसलेला माणूसही तोच. पेटीसह चार फेऱ्या, पेटीविना चार. विल्फने घड्याळाला हात लावला नाही. ते चिटणीस मिसेस प्रॉबर्टकडे दिलं. पेटी काढल्यावर गाडी अशी गरजली की कुंपणापलीकडच्या मेंढ्या पांगल्या. मंडळी हातातला चहा विसरून टाळ्या पिटत होती.

मिसेस प्रॉबर्टनी सरासरी वाचली. पेटीसह अडतीस सेकंद, पेटीविना चाळीस.

"वारं फिरलं असेल," डेस्मंड म्हणाला.

"वारं नाही रे, तुझे कान," विल्फ म्हणाला. "गाडी गरजली की तुला वाटतं इंजिनाचा दम संपला. मग वेळेआधीच वरचा गियर टाकतोस. पेटी असली की निमूट पळू देतोस तिला."

मंडळी हसली. डेस्मंडचा चेहरा लाल झाला.

"विल्फ, दोन सेकंद बघायला कुंपणाशी कोण उभं राहतं हो? लोक आवाज ऐकायला येतात."

मग रीतीप्रमाणे हात वर करून मतं घेतली. पेटी काढायच्या बाजूने सतरा हात वर गेले. त्यात मिसेस प्रॉबर्टचाही होता. त्यांनी विल्फकडे पाहायचं टाळलं. पेटी तुमच्याकडेच शोभेल, असं म्हणून डेस्मंडने ती वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

वसंतातल्या मेळाव्यात गाडीपुढे नवी पाटी होती: 'रीतसर चाचणी घेऊन हवेची पेटी काढून टाकली आहे.' विल्फने ती दोनदा वाचली. तिच्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

शेजारी उभ्या असलेल्या एका पाहुण्याने पाटी वाचून मान डोलावली. "म्हणजे ती पेटी गाडीला मागे खेचत होती तर. तुम्ही होता का चाचणीला?"

"होतो," विल्फ म्हणाला.

तेवढ्यात डेस्मंडने गाडी सुरू केली, आणि त्यापुढचं पाहुण्याला ऐकू गेलं नाही.