एक तास वीस मिनिटं मागे

"सर, घड्याळ जुळवलंत का?"

नाझियाने हे विचारलं तेव्हा ती माझ्या टेबलासमोर उभी होती. तिच्या मागे नववीची सगळी सुरक्षा बॅच बाकांवर बसली होती. टेबलावरचा मॉनिटर मी तिच्याकडे वळवला होता. त्यावर ती स्वतःच दिसत होती. पाठीला मोठी सॅक, शाळेच्या व्हरांड्यातून कॉम्प्युटर लॅबमध्ये शिरताना. कोपऱ्यात वेळ होती, एक वाजून चाळीस मिनिटं.

"प्रश्न मी विचारतोय," मी म्हणालो. "तू उत्तर दे."

ती गप्प झाली. त्या गप्प होण्याचा मी काय अर्थ काढला, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

मी रोह्यातल्या एका शाळेत सुरक्षा हा विषय शिकवतो. नववी-दहावीच्या मुलांना एक व्यवसाय विषय निवडता येतो. आमच्याकडे दोन आहेत, कॉम्प्युटर आणि सुरक्षा. सुरक्षा म्हणजे पोलीस, होमगार्ड, कंपनीची सिक्युरिटी अशा नोकऱ्यांची तोंडओळख. पंचनामा कसा लिहायचा, गेटवर नोंद कशी ठेवायची, कॅमेऱ्याचं चित्र कसं बघायचं. शाळेत येण्याआधी पंधरा वर्षं मी पेणमध्ये कॅमेरे बसवायचं काम केलं. त्यामुळे शाळेच्या कॅमेऱ्यांची देखभालही माझ्याकडेच. नोकरी करारावरची, दर जूनला नूतनीकरण.

कॉम्प्युटरला मुलं रांग लावतात. सुरक्षेला नावं कमी पडतात आणि बॅच भरली नाही तर विषय बंद होतो. त्या वर्षी चार नावं कमी होती. म्हणून मी पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावात नाझियाच्या घरी गेलो होतो. वडील कुवेतला. घरात आई, आणि शेजारी चाचांचं दुकान.

"कॉम्प्युटरच बरा, सर," तिची आई म्हणाली. "पोरीच्या जातीला खुर्चीवरचं काम."

"अम्मी, मला पोलीस व्हायचाय," आतून आवाज आला.

"ऐकलात? लहानपणापासून हाच. आमची ना नाय. पण तिच्या चाचांना हे पसंत नाय. शाळेतून एक जरी तक्रार घरी आली ना सर, तर ते हिचा सगळाच बंद करतील. ही जिम्मेदारी तुमची."

"माझी," मी म्हणालो. मला चार नावं हवी होती. पुढे काय बोलतोय याचा विचार केला नाही.

नाझिया बॅचमधली सगळ्यात तयार मुलगी निघाली. भरतीला लागणारी उंची तिने आमच्या वर्गाच्या दारावर पेन्सिलीने आखून ठेवली होती. दर महिन्याला तिथे पाठ लावून उभी राहायची. पंचनाम्याच्या सरावात तीच अधिकारी असायची. "नाझिया मॅडम, सोडा ना, पोराबाळांचा माणूस आहे," असं चोर झालेला मुलगा म्हणाला की सगळा वर्ग हसायचा. ती हसायची नाही. "पत्ता पूर्ण सांगा," म्हणायची.

कॅमेऱ्याच्या धड्यात मी एक गोष्ट फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिली होती. फुटेज बघण्याआधी रेकॉर्डरचं घड्याळ हातातल्या घड्याळाशी जुळवून बघा. रेकॉर्डर म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डबा. त्यात एक छोटा सेल असतो. तो उतरला की लाईट गेल्यावर घड्याळ थांबतं आणि लाईट आली की थांबलं होतं तिथूनच पुढे चालू लागतं. वेळ चुकीची दिसते, पण चित्र खरं असतं. म्हणून माणूस फसतो. हे मीच शिकवलं होतं.

नोव्हेंबरात एका सकाळी कॉम्प्युटरच्या मॅडम माझ्याकडे आल्या. लॅबमधला एक लॅपटॉप दिसत नव्हता.

"काल मधल्या सुट्टीआधी होता. सुट्टीनंतरच्या तासाला नव्हता. मला वाटलं हेडसरांनी नेला. ते नाही म्हणतात."

मधली सुट्टी दीड ते दोन दहा. मी रेकॉर्डर लावला. एक तीसपासून बघत गेलो. व्हरांडा रिकामा. एक चाळीसला नाझिया सॅक घेऊन आत गेली आणि दोन मिनिटांनी बाहेर आली. दुसरं कोणीच नाही.

हेडसर माझ्या खांद्यावरून बघत होते. "तुमचीच विद्यार्थिनी," ते म्हणाले. "तुमच्याच पद्धतीने विचारा."

त्या वाक्याने मला चेव आला, हे कबूल करतो. बारा वाजता माझा तास होता. मी बॅचला बसवलं आणि म्हणालो, "आज खरा तपास बघा." एका पंधरा वर्षांच्या मुलीला तिच्या मित्रमैत्रिणींसमोर उभं केलं आणि त्याला प्रात्यक्षिक म्हटलं.

"काल मधल्या सुट्टीत लॅबमध्ये का गेलीस?"

"सुट्टीत नाय गेले सर. तीन वाजता गेले. तुम्हीच पाठवलंत. शिट्ट्या आणि टॉर्चची सॅक तिथल्या कपाटात ठेवायला."

मी पाठवलं होतं, आणि ते मला आठवतही होतं. पण स्क्रीनवर एक चाळीस होते. हेडसर दारात उभे होते. मी मनात जुळवून टाकलं, ही दोनदा गेली असेल. त्यानंतर तिने घड्याळाचा प्रश्न विचारला आणि मी तिला वर लिहिलं तसं उत्तर दिलं.

ती गप्प बसली, म्हणजे सापडली, असं मी धरलं. हेडसरांनी तिथूनच घरी फोन लावला. अर्ध्या तासात आई आणि चाचा आले. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ओढणी सावरली. चाचा आवाज न चढवता बोलले.

"पोलीस करणार होतात ना हिला? पोलिसाच्या समोरच्या बाजूला उभी केलीत." मग तिच्याकडे वळून, "चल गो. झाली तुझी सुरक्षा."

ती दारातून गेली तेव्हा तिचं डोकं त्या पेन्सिलीच्या रेघेला घासून गेलं.

दीड वाजता सुट्टीची घंटा झाली. मी अजून वर्गातच होतो. मॉनिटरवर व्हरांड्याचं चालू चित्र होतं. त्यात मुलं धावत बाहेर आली, डबे उघडले. कोपऱ्यात वेळ होती बारा वाजून दहा मिनिटं.

मी मागे वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. रेकॉर्डर एक तास वीस मिनिटं मागे होता. आदल्या दिवशी सकाळी शाळा भरण्याआधी लाईट गेली होती, तेवढाच वेळ. म्हणजे स्क्रीनवरचे एक चाळीस हे खरे तीन. ती म्हणाली तेच.

मग मला दुसरी गोष्ट दिसली. मधल्या सुट्टीत आमच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसते. मी जे फुटेज बघितलं त्यात तो पूर्ण रिकामा होता. गेटवरच्या कुठल्याही वॉचमनने हे आधी हेरलं असतं.

फुटेज मागे नेलं. स्क्रीनवर बारा पंचवीस, म्हणजे खरे पावणेदोन. मुलांच्या गर्दीतून आमचे क्लार्क लॅपटॉपची बॅग घेऊन बाहेर पडताना दिसले. मी त्यांना फोन केला.

"हो, माझ्याकडेच आहे. तालुक्याला ऑनलाईन माहिती भरायचं ट्रेनिंग आहे ना दोन दिवस. आठवड्यापूर्वीच हेडसरांना विचारलं होतं."

हेडसर विसरले होते. मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"सापडला ना? मग मिटलं."

"सर, तिच्या घरी सांगायला हवं. लेखी द्यायला हवं."

"काय लेखी देणार? कॅमेऱ्याची देखभाल कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मग तसंच लिहावं लागेल. संस्था ते वाचेल. जूनमध्ये तुमची फाईल त्यांच्याकडेच जाते." ते शांतपणे बोलले, जणू माझीच काळजी करत होते. "चार दिवस जाऊ द्या. पोरं विसरतात."

मी चार दिवस जाऊ दिले. अष्टमीचा पूल शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. मी रोज ठरवायचो आणि रोज पाच वाजता पेणची एसटी पकडायचो.

आठव्या दिवशी चाचा दाखला न्यायला आले. नाझियाला पेणला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, ठेवणार होते. ते बाहेर बाकावर बसले. आत क्लार्क दाखला भरत होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. तिथे सगळ्यांना 'चांगली' लिहितात. मारामाऱ्या करणाऱ्यांनाही 'चांगली'च.

"समाधानकारक लिहा," हेडसर म्हणाले.

क्लार्कचं पेन थांबलं. "सर, आपण सगळ्यांना चांगलीच लिहितो. आणि लॅपटॉप तर मीच..."

"घरी तक्रारीचा फोन गेलाय. आता चांगली लिहिलं तर फोन का केला म्हणून विचारतील. समाधानकारक म्हणजे काय वाईट आहे का?"

शब्दकोशात वाईट नाही. पण ज्याने चार दाखले वाचलेत त्याला कळतं की या मुलीचं काहीतरी झालं होतं. क्लार्कने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. त्यांनी सुवाच्य अक्षरात 'समाधानकारक' लिहिलं आणि शिक्का मारला. जूनमध्ये माझं नूतनीकरण झालं.

पुढच्या वर्षी दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून मला पेणच्या एका शाळेत पाठवलं. तिथेही हेच दोन विषय होते. माझ्या यादीत नाझियाचं नाव नव्हतं. दुपारी शेजारच्या लॅबमधून कॉम्प्युटरची बॅच बाहेर पडली. त्यात ती होती. तीच थांबली.

"सलाम, सर."

"तू कॉम्प्युटर घेतलंस?"

"सुरक्षाच मागितली होती. इथल्या मॅडमनी दाखला बघितला. म्हणाल्या, या विषयाला वर्तणूक चांगली लागते. चाचा म्हणाले, बरं झालं. आता घरात पोलीस हा शब्द काढायचा नाय, असं ठरलंय."

मी पंधरा महिने तयार केलेलं वाक्य बोललो. "नाझिया, त्या दिवशी घड्याळ एक तास वीस मिनिटं मागे होतं."

"माहीत आहे, सर."

"कधी कळलं तुला?"

"तेव्हाच. तुम्ही मॉनिटर वळवलात तेव्हा फुटेजच्या आधी चालू चित्र होतं. त्यात दहा चाळीस झाले होते. तुमच्या मागे भिंतीवरच्या घड्याळात बारा."

"मग बोलली का नाहीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. पंचनामा लिहिताना बघायची तसं.

"विचारलं होतं ना, सर."

त्याच आठवड्यात मी संस्थेला सगळं लेखी दिलं, माझ्या नावासकट. एक प्रत अष्टमीला घेऊन गेलो. आईने ती वाचली, घडी घातली आणि चाचांच्या दुकानात पाठवली. मला पाणी विचारलं नाही. मी तिचा दाखला बदलून मागितला, तर संस्थेचं उत्तर आलं की 'समाधानकारक' ही प्रतिकूल नोंद नाही, सबब दुरुस्तीचं कारण दिसत नाही. माझ्या नूतनीकरणाचं अजून काही कळलेलं नाही.

बॅच चालू आहे तोवर पहिल्या तासाला मी एकच गोष्ट शिकवतो. कोणी घड्याळाबद्दल विचारलं तर विचारणाऱ्याकडे बघू नका. आधी भिंतीकडे बघा.